कल्पना ते वस्तू : स्वतंत्र संशोधकाची वाट

(शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

प्रत्येक तालुक्यात अशी एखादी व्यक्ती असतेच. कोणी लोहार असतो, कोणी पंपदुरुस्ती करणारा, कोणी अल्पभूधारक शेतकरी, तर कोणी शाळेच्या प्रयोगशाळेतील परिचर. रोजचे काम करता करता त्याला एखादी अडचण खुपते आणि ती दूर करणारी युक्ती सुचते. जुन्या सायकलचे चाक, मोडक्या मोटारीचा दांडा आणि भंगारातील पत्रा यांतून तो एक उपकरण उभे करतो. शेजारीपाजारी पाहून जातात, चार लोक कौतुक करतात, दोन लोक हसतात. पाच वर्षांनी पाहावे तर ते उपकरण गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेले असते आणि तो मनुष्य आपल्या नित्याच्या धंद्याला लागलेला असतो.

असे का व्हावे? बुद्धी कमी पडली, हे उत्तर सोपे असले तरी बहुतेक वेळा खोटे असते. कल्पना सुचणे आणि ती कल्पना बाजारात, शेतात किंवा घरात वापरली जाणारी वस्तू होणे, यांच्यामध्ये एक लांब वाट आहे. मोठ्या कारखान्यातील संशोधकाला त्या वाटेवर नकाशे काढणारा, यंत्र घडविणारा, कायदा जाणणारा आणि माल विकणारा असे सोबती मिळतात. स्वतंत्र संशोधकाला मात्र ही सर्व कामे एकट्याने करावी लागतात, आणि तीही पोटापाण्याचा उद्योग सांभाळून. ही वाट नेमकी कोठे कोठे अडते, हे समजले तर तिच्यावरील काही काटे गावातच, थोड्या खर्चात दूर करता येतात.

शंकर आबाजी भिसे

या वाटेवरील जवळजवळ प्रत्येक अडचण ज्यांच्या आयुष्यात पाहावयास मिळते, असे एक मराठी नाव म्हणजे शंकर आबाजी भिसे. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रांचे वेड त्यांना लहानपणापासूनच होते. तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मंडळींची एक संस्था चालविली आणि सामान्य वाचकांना विज्ञान व कलाकौशल्य समजावे म्हणून 'विविध कलाप्रकाश' हे मराठी मासिक काढले. त्यांच्या नावावर पुढे दोनशेच्या आसपास शोध नोंदविले गेले आणि त्यांपैकी सुमारे चाळिसांना पेटंट मिळाले, असे सांगितले जाते. अमेरिकेत त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणून ओळखत असत.

भिसे यांची पहिली मोठी संधी कशी आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लंडनमधील एका नियतकालिकाने माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेसाठी स्पर्धा जाहीर केली होती. भिसे मुंबईत होते. लंडनमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हते. तरीही पाठविलेल्या आराखड्याच्या बळावर त्यांनी ती स्पर्धा जिंकली. त्यानंतर मुंबईतील प्रतिष्ठितांनी त्यांना विलायतेस जाण्यास साहाय्य केले आणि तेथे दादाभाई नौरोजींसारख्या वडीलधाऱ्याचा आधार त्यांना लाभला. समुद्रापलीकडच्या अपरिचित परीक्षकांपर्यंत माणूस पोहोचला नाही, त्याचा कागद पोहोचला. स्वतंत्र संशोधकाचा पहिला अडसर नेमका येथेच असतो.

लेखणीचा अडसर

कारागिराची बुद्धी त्याच्या हातात असते. दांडा किती वाकवावा, पाते कोणत्या कोनात बसवावे, हे तो अनुभवाने जाणतो. परंतु ते कागदावर उतरविण्याची सवय त्याला नसते. आपले उपकरण कोणत्या तारखेला प्रथम चालले, पहिल्या नमुन्यात कोणता दोष होता, तो कसा दूर केला, याची नोंद नसली की पुढे प्रत्येक पायरीवर ठेच लागते. बँक विचारते, तेव्हा हिशेब नसतो. तज्ज्ञ विचारतो, तेव्हा मोजमाप नसते. दुसरा कोणी हक्क सांगू लागला, तर पुरावा नसतो.

पेटंटच्या कायद्यात तर लेखनालाच सारे महत्त्व आहे. पेटंट नुसत्या कल्पनेला मिळत नाही. त्या विषयातील जाणकाराला वाचून ती वस्तू बनविता येईल इतके स्पष्ट वर्णन अर्जदाराने द्यावे लागते, आणि त्या वर्णनापैकी नेमक्या कोणत्या भागावर आपला हक्क आहे, तेही सांगावे लागते. शिवाय भारतात हे कागदपत्र हिंदी किंवा इंग्रजीतच दाखल करावे लागतात. ज्याचे सारे शिक्षण आणि सारा व्यवहार मराठीत झाला, त्या कारागिराला आपल्याच हातांनी केलेल्या वस्तूचे वर्णन परक्या माणसाकडून लिहवून घ्यावे लागते. आणि लिहिणाऱ्याला यंत्र कळले नाही, तर वस्तूचा प्राण वर्णनातून निसटतो.

नवे की जुने?

दुसरा प्रश्न नवेपणाचा. आपल्या गावात जे पूर्वी कोणी पाहिले नाही ते जगात नवे आहे, असा प्रामाणिक समज अनेकांचा असतो. कायद्याला मात्र जगात कोठेही पूर्वी प्रसिद्ध झालेले चालत नाही. दहा वर्षे खपून केलेली वस्तू दुसऱ्या देशात पन्नास वर्षांपूर्वीच नोंदविली गेली होती, हे शेवटी कळले की माणूस खचतो. आजवरची पेटंटे आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. हा शोध काम सुरू होतानाच घेतला तर दुहेरी लाभ होतो : वाया जाणारे श्रम वाचतात, आणि पूर्वीच्या लोकांनी काय केले हे समजल्याने आपली सुधारणा नेमकी कोठे आहे ते कळते.

येथेच एका नाजूक प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. इंधनाशिवाय आणि विजेशिवाय अखंड चालणारे यंत्र शोधल्याचा दावा करणारे लोक आजही भेटतात. एकदा गती दिली की यंत्र स्वतःच वीज निर्माण करील आणि त्याच विजेवर स्वतः चालेल, अशी ही कल्पना असते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि घर्षणात ती खर्च होतच राहते, म्हणून असे यंत्र शक्य नाही. निसर्गनियमांच्या उघडपणे विरुद्ध असलेल्या अशा दाव्यांना १९७० च्या पेटंट कायद्यानेही दार बंद केले आहे. परंतु त्या माणसाची खिल्ली उडविणे हा त्यावर उपाय नव्हे. विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्याजवळ बसून यंत्रात किती ऊर्जा गेली आणि किती बाहेर आली, हे मोजून दाखविले तर त्याची आयुष्याची पुंजी वाचेल; आणि त्याच्या हातातील कसब एखाद्या साध्य होणाऱ्या कामाकडे वळेल.

एक नमुना आणि शंभर वस्तू

तिसरा अडसर घडणीचा. पहिला नमुना बनविणारा स्वतःच तो चालवितो. यंत्र कुरकुरले की कोठे ठोकावे, हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्याच्या हाती ते दिले की खरी परीक्षा सुरू होते. पावसात ते गंजते का, नवख्या माणसाचा हात त्यात अडकेल का, मोडलेला सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या नमुन्यात नसतात.

भिसे यांचे सर्वांत गाजलेले काम छपाईच्या खिळ्यांसंबंधी होते. त्या काळी शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून एकेक अक्षराचा खिळा ओतला जाई आणि जुळारी ते खिळे जुळवून मजकूर तयार करीत. ओळच्या ओळ ओतणारे लायनोटाइप यंत्र १८८६ साली अमेरिकेत वापरात आले होते. पण सुट्या खिळ्यांची गरज संपली नव्हती. भिसे यांनी हे सुटे खिळे अधिक वेगाने ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र तयार केले. एक खिळा दुसऱ्यापेक्षा केसभर उंच झाला तरी छपाई बिघडते; म्हणून अशा यंत्रातील प्रत्येक साचा अतिशय अचूक लागतो. ही अचूकता उत्तम कारखान्याशिवाय साधत नाही, आणि कारखाना पैशाशिवाय मिळत नाही. यंत्र डोक्यात पूर्ण असले तरी धातूत पूर्ण होईपर्यंत माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

भांडवलाचा फेरा

यातूनच चौथा आणि सर्वांत ओळखीचा अडसर येतो. पैसा देणारा म्हणतो, "यंत्र पूर्ण करून दाखवा, मग पैसे देतो." संशोधक म्हणतो, "पैसे द्या, म्हणजे यंत्र पूर्ण करून दाखवितो." दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त असते आणि काम मात्र तेथेच थांबते.

लंडनमध्ये भिसे यांची हीच कोंडी झाली. भांडवलाची आश्वासने मिळाली, परंतु ती टिकली नाहीत. आणि १९०८ च्या अखेरीस ते निराश होऊन मुंबईस परतले. याच प्रवासात त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली. गोखल्यांनी त्यांच्यासाठी रतन टाटांकडे शब्द टाकला आणि टाटांच्या भांडवलावर भिसे यांच्या शोधांसाठी एक मंडळी स्थापन झाली. भिसे पुन्हा लंडनला गेले. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात तीही व्यवस्था कोलमडली आणि त्यांनी अमेरिकेची वाट धरली. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राचे काम पुढे नेले. औषधनिर्मितीतही, विशेषतः आयोडिनच्या एका औषधात, त्यांना यश मिळाले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

दादाभाई, गोखले आणि टाटा यांचे पाठबळ लाभलेल्या माणसालाही तीन खंडांत भटकावे लागले. मग ज्याला कोणाचाच आधार नाही, त्याची काय कथा? भिसे यांच्या चरित्रातून आणखी एक बोध मिळतो. गोखल्यांनी स्वतः यंत्र बनविले नाही आणि पैसाही घातला नाही. त्यांनी योग्य माणसाची योग्य माणसाशी गाठ घालून दिली. हे काम पदावरील प्रत्येक व्यक्तीला करता येते.

हक्क आणि हारतुरे

पाचवा अडसर हक्काचा, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे अगत्याचे आहे. कारण येथे पुष्कळदा शुभेच्छुकांकडूनच नुकसान होते.

भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली झाला आणि त्याखाली आलेला पहिला अर्ज कलकत्त्याहून, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी होता. आजचा कायदा १९७० चा असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. ते ज्या देशात मिळाले त्या देशापुरतेच चालते. पुढे ते जिवंत ठेवण्यासाठी ठरावीक शुल्क भरावे लागते आणि कोणी नक्कल केली तर न्यायालयात स्वतःच दाद मागावी लागते.

या साऱ्याची मूळ अट एकच : अर्ज करण्यापूर्वी ती वस्तू लोकांसमोर उघड झालेली नसावी. आणि व्यवहारात नेमके उलट घडते. गावातील मुलाने यंत्र केले की ग्रामसभेत त्याचे प्रात्यक्षिक होते. शाळेच्या प्रदर्शनात ते मांडले जाते. मान्यवरांच्या हस्ते शाल व श्रीफळ देऊन सत्कार होतो, वृत्तपत्रात छायाचित्रासह माहिती छापून येते, आणि हल्ली तर त्याच संध्याकाळी त्याचे चलच्चित्र हजारो भ्रमणध्वनींवर पोहोचते. सर्वांचा हेतू चांगला असतो. परंतु वस्तूची रचना अशा रीतीने उघड झाली की तिचा नवेपणा कायद्याच्या दृष्टीने संपू शकतो. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगी बारा महिन्यांची सवलत आहे. गावच्या जत्रेतील किंवा शाळेतील प्रदर्शनाला ती नाही. ज्या समारंभाने त्या तरुणाचा गौरव करावयाचा, तोच त्याच्या हक्काच्या आड येतो.

यावरचा उपाय कठीण नाही. वस्तूची रचना पूर्णपणे पक्की झालेली नसली तरी तात्पुरते वर्णन जोडून अर्ज करता येतो आणि त्यानंतर पूर्ण वर्णन देण्यासाठी बारा महिने मिळतात. व्यक्तीने स्वतः संगणकाद्वारे असा अर्ज केल्यास दाखल करण्याचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. महाराष्ट्रातील अर्जदारासाठी पेटंट कार्यालय मुंबईतच आहे. तपासणीसाठी पुढे वेगळी विनंती व वेगळे शुल्क लागते, आणि जाणकाराचा मोबदला याहून बराच अधिक असू शकतो, हे खरे. परंतु पहिली तारीख पदरात पाडून घेण्याचा खर्च सत्कारसमारंभाच्या मंडपापेक्षा कमी आहे. म्हणून प्रत्येक पंचायतीने आणि शाळेने एक नियम पाळावा : आधी अर्ज, मग हार.

अर्थात प्रत्येक वस्तूला पेटंट घेतलेच पाहिजे असे नाही. शेतीची नुसती पद्धत किंवा परंपरेने चालत आलेले ज्ञान यांना पेटंट मिळतच नाही. कित्येकदा वस्तू सर्वांना खुली करावी, अशीच करणाऱ्याची इच्छा असते, आणि ती आदरणीय आहे. परंतु हक्क सोडणे हा त्याचा निर्णय असला पाहिजे. अज्ञानामुळे झालेला अपघात नव्हे.

विश्वासाची कसोटी

सहावा अडसर वापरणाऱ्यांच्या मनात असतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, पण घेणारा कोणी नव्हता. पहिली गिऱ्हाइके मिळण्यास फार काळ जावा लागला. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

शेतकऱ्याच्या त्या संशयाला हसणे सोपे आहे. ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, तो परक्याच्या प्रयोगासाठी आपली जमीन पणाला लावीत नाही, यात शहाणपणच आहे. म्हणून नव्या वस्तूची चाचणी गरिबाच्या शेतात, त्याच्या जोखमीवर होऊ नये. शाळेची जमीन, पंचायतीची जागा, कृषी विभागाचे प्रक्षेत्र येथे ती आधी व्हावी आणि निकाल चांगला वा वाईट, जसा असेल तसा सांगितला जावा.

नाव कोणाचे?

शेवटचा अडसर सर्वांत अधिक सलणारा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शालेय शिक्षण जेमतेम, जमीन सुमारे दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, रानडुकरांपासून जपल्या, वर्षानुवर्षे पेरून आणि निवडून एक बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. त्या काळी एचएमटीची घड्याळे लोकप्रिय होती. बाजारात या धानाला 'एचएमटी' हेच नाव पडले. हा तांदूळ पुढे राज्याबाहेरही पसरला.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाच्या नावाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. शुद्धीकरणाचे शास्त्रीय काम विद्यापीठाचे होते, मूळ निवड खोब्रागडे यांची होती. अधिकृत नावात मात्र त्या पहिल्या हाताची खूण उरली नाही आणि श्रेयावरून वाद झाला. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. त्यांनी आणखीही वाण शोधले. परंतु लाखो ताटांत भात पोहोचविणाऱ्या या शेतकऱ्याचे दारिद्र्य मात्र हटले नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी वाण निवडला तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा नव्हता. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. आता शेतकरी स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो आणि त्यासाठी त्याला शुल्क द्यावे लागत नाही. परंतु नोंदीसाठी पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो : वाण केव्हा, कोठे, कशातून निवडला, हे लिहिलेले आहे काय?

गावात काय करता येईल

या सर्व अडचणींचा विचार केला असता असे दिसते, की त्यांपैकी मोठे भांडवल आणि मोठा कारखाना या गोष्टी गावाच्या हातात नाहीत. पण लेखन, साक्ष, चाचणी आणि ओळख या चार गोष्टी निश्चितपणे आहेत.

शिक्षकाने वहीचे काम पत्करावे. पाने क्रमांकित असलेली एक वही, त्यात तारीखवार नोंद, हाताने काढलेली आकृती, मोजमाप आणि खाली सही, एवढे पुरेसे आहे. ही वही संशोधकाच्याच ताब्यात राहावी आणि त्यातील मजकूर शिक्षकाने बाहेर बोलू नये.

पंचायतीने जागा आणि संयम द्यावा. चाचणीसाठी तुकडाभर जमीन, एक वीजजोड, आणि अर्ज होईपर्यंत समारंभाचा मोह आवरणे, हे तिला जमण्यासारखे आहे.

अधिकाऱ्याने दार दाखवावे. जवळचे तंत्रनिकेतन व औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषी विज्ञान केंद्र, २०१८ साली स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी, गांधीनगरचे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, मुंबईचे पेटंट कार्यालय, यांपैकी कोठे जावे हे कारागिराला सांगणारे पत्र त्याच्या शंभर हेलपाट्यांची बचत करील. आणि एखाद्या संस्थेने नमुना किंवा बियाणे नेले, तर ते कोणाकडून, कधी, किती आणि कोणत्या अटीवर नेले, याची पोच देणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. ही पोच मागण्यात अविश्वास नाही. ती देण्यात संस्थेचाही सन्मान आहे.

भिसे यांना एका कागदाने लंडनपर्यंत नेले. खोब्रागडे यांच्यापाशी पाच किलो बियाणे होते, पण त्याच्यासोबत जावयास हवा होता तो कागद नव्हता. उद्या एखादा लोहार किंवा शेतकरी दबकत दबकत शाळेच्या किंवा पंचायतीच्या पायऱ्या चढून येईल आणि म्हणेल, "गुरुजी, एक वस्तू केलीय, जरा बघता का?" त्या वेळी त्याला आधी बसावयास सांगावे, आणि मग वही उघडून आजची तारीख लिहावी.